डोळ्यांचे सामान्य विकार : कोणती दृष्टी परत मिळते, कोणती नाही

बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांनी रंगविलेली चित्रे जतन केलेली आहेत. त्यांतील एकाच चित्रासमोर डोळ्यांचे निरनिराळे विकार असलेल्या पाच व्यक्ती उभ्या राहिल्या, तर प्रत्येकीला ते वेगळे दिसेल. त्या फरकावरून विकाराचे स्वरूप समजते.

दृष्टिदोष : प्रकाशकिरण दृष्टिपटलावर नेमके एकवटत नाहीत. लघुदृष्टी असलेल्यास चित्र दुरून धूसर, जवळून स्पष्ट दिसते. चाळिशीनंतर नेत्रभिंगाची लवचीकता घटते. चित्र दिसते, पण खालची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. योग्य चष्म्याने हा दोष दूर होतो. लहान मुले मात्र तक्रार करीत नाहीत, कारण सर्वांना असेच दिसते असा त्यांचा समज असतो. वेळीच चष्मा न मिळाल्यास एक डोळा कायमचा मंद राहू शकतो.

मोतीबिंदू : भिंग गढूळ होते. चित्रावर धुके पसरल्यासारखे वाटते, रंग फिके व पिवळसर होतात. रात्री समोरच्या वाहनाचे दिवे डोळे दिपवतात. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, पन्नाशी ओलांडलेल्यांमधील सुमारे दोनतृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. शस्त्रक्रियेने कृत्रिम भिंग बसवता येते. मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची आता गरज नसते.

काचबिंदू : बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टिमज्जातंतूची हानी होते. चित्राचा मध्यभाग स्पष्ट राहतो, कडा हळूहळू नाहीशा होतात. मेंदू ती उणीव भरून काढत असल्याने रुग्णाला दीर्घकाळ काहीच जाणवत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब, लेसर वा शस्त्रक्रियेने उरलेली राखता येते. घरात कोणाला काचबिंदू असल्यास चाळिशीपासून नियमित तपासणी आवश्यक ठरते.

मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार : दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपतात किंवा बंद पडतात. चित्रावर काळे ठिपके, अस्पष्ट डाग दिसू लागतात. तोवर विकार बराच पुढे गेलेला असू शकतो. म्हणून मधुमेहींनी, दृष्टी उत्तम वाटत असली तरी, दरवर्षी दृष्टिपटल तपासून घ्यावे.

पीतबिंदूचा ऱ्हास : उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजतो. चौकट दिसते, चेहरा हरवतो. चौकटीच्या सरळ रेषा वाकड्या भासतात. याच्या एका प्रकारात डोळ्यातील इंजेक्शनांनी ऱ्हास रोखता येतो, मात्र उपचार लवकर सुरू व्हावा लागतो.

या पाचांपैकी पहिल्या दोन विकारांत दृष्टी बहुधा पूर्ववत होते. उरलेल्या तिन्हींत मात्र गेलेल्या दृष्टीची भरपाई क्वचितच होते. त्यामुळे लक्षणांची वाट पाहणे महागात पडते.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. आळीपाळीने एक डोळा झाकून भिंतीवरील कॅलेंडर पाहावे. दोन्ही डोळे उघडे असताना सुदृढ डोळा दुसऱ्याची उणीव लपवतो. अर्थात, ही परीक्षा वैद्यकीय तपासणीला पर्याय नव्हे. बडोद्यातील सर सयाजीराव रुग्णालय असो वा बांबोळीचे गोमेकॉ, अशा शासकीय रुग्णालयांत स्वतंत्र नेत्रविभाग असतो. अचानक दृष्टी जाणे, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटणे, प्रकाशाचे झोत चमकणे किंवा लाल डोळ्यासह तीव्र वेदना व उलट्या होणे, ही त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.