सोमवारचा दम : मुंबईच्या कापडगिरण्या आणि बिसिनोसिस या फुफ्फुसरोगाचा इतिहास

प्रस्तावना

मुंबईतील गिरणी कामगारांच्या संघटना, संप, वस्ती आणि सांस्कृतिक जीवन या विषयांवर मराठीत व इंग्रजीत बरेच लेखन झाले आहे. त्या तुलनेत गिरणीतील हवेने कामगाराच्या शरीरावर काय परिणाम केला, हा विषय इतिहासलेखनात गौण राहिला. कापसाच्या धुळीमुळे होणारा 'बिसिनोसिस' हा फुफ्फुसांचा दीर्घकालीन विकार वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहे. तरीही गिरणगावात खोकणाऱ्या कामगाराच्या आजाराला बहुधा 'दमा', 'क्षय' किंवा 'विडीचा खोकला' हीच नावे मिळाली. नावातील हा फरक केवळ शब्दांचा नव्हता. दमा आणि विडी यांची जबाबदारी रोग्यावर पडते. बिसिनोसिसची जबाबदारी कारखान्यावर पडते. या रोगाची ओळख कशी घडली, मुंबईत ती का लांबली आणि तिचा कामगाराच्या हक्कांशी काय संबंध आहे, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

रोगाचे स्वरूप

कापसाच्या गाठीत तंतूंबरोबर बोंडाची टरफले, पानांचा चुरा, माती आणि सूक्ष्म जीवाणूही येतात. गाठ फोडताना व कापूस पिंजताना हे सर्व हवेत मिसळते. या धुळीतील घटकांमुळे, विशेषतः ग्राम-निगेटिव्ह जीवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिनमुळे, श्वासनलिकांना दाह होतो आणि त्या आकुंचन पावतात, असे आज मानले जाते.

या रोगाचे वैशिष्ट्य त्याच्या वेळापत्रकात आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामगार पहिल्या दिवशी कामावर येतो, पाळी सुरू होऊन काही तास लोटतात आणि त्याची छाती आवळल्यासारखी होते. धाप लागते, खोकला येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास ओसरतो आणि पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा उद्भवतो. बरीच वर्षे धुळीत काढल्यावर हा त्रास सोमवारपुरता न राहता आठवडाभर टिकू लागतो आणि अखेरीस कायमचा होतो. इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात याच क्रमाच्या आधारे रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. अधूनमधून एखाद्या सोमवारी होणारा त्रास ही अर्धी पायरी, दर सोमवारचा त्रास ही पहिली, इतर दिवशीही होणारा त्रास ही दुसरी आणि श्वसनक्षमता कायमची घटणे ही तिसरी. रोगाची तीव्रता मोजण्यासाठी वारांचा आधार घेणारी ही पद्धत पुढे अनेक देशांत वापरली गेली.

पहिल्या पायऱ्यांवर कामगाराला धुळीतून दूर केले तर फुफ्फुसे बऱ्याच अंशी सावरू शकतात. तिसऱ्या पायरीवर मात्र हा रोग दीर्घकालीन अवरोधी फुफ्फुसविकारापासून, म्हणजे आज सीओपीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारापासून, वेगळा ओळखणे अतिशय कठीण होते. म्हणून या रोगाच्या व्यवस्थापनात औषधापेक्षाही वेळेवर झालेल्या निदानाला अधिक महत्त्व आहे.

युरोपातील ओळख आणि सुरती कापूस

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेला व्यावसायिक रोगांवरील ग्रंथ १७१३ मध्ये वाढवून पुन्हा काढला. ताग-अंबाडीसारखे तंतू विंचरणाऱ्या कामगारांच्या खोकल्याची व धापेची नोंद त्यांनी केली होती. यंत्रयुगात १८३१ साली जेम्स फिलिप्स के यांनी मँचेस्टरच्या सूतकामगारांतील छातीच्या विकाराचे वर्णन केले. १८४५ मध्ये बेल्जियममधील गेंट येथील कामगारांच्या पाहणीत मारेस्का व हेमन यांना आठवड्याच्या प्रारंभी वाढणाऱ्या त्रासाची माहिती खुद्द कामगारांकडूनच मिळाली. 'बिसिनोसिस' हे नाव १८७७ साली फ्रेंच वैद्य आद्रियाँ प्रूस्त यांनी वापरले. तलम तागी वस्त्रासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे.

या युरोपीय इतिहासात पश्चिम भारताचा संबंध अनपेक्षित रीतीने येतो. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) लँकेशायरला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि तेथील गिरण्या 'सुरती' कापसावर चालू लागल्या. पश्चिम भारतातून मुंबई बंदरमार्गे जाणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाला तेथील बाजारात हेच नाव होते. हा कापूस अस्वच्छ असे आणि पिंजताना फार धूळ उडे. जेसी लीच या डॉक्टरांनी १८६३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सुरती कापसाचा गिरणी कामगारांच्या शरीरावर होणारा परिणाम मांडला. याच तेजीच्या वर्षांत मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा खेळला. आपल्याच कापसाच्या धुळीने लँकेशायरचे कामगार आजारी पडतात, ही नोंद लंडनमध्ये छापली गेली. तोच कापूस पिंजणाऱ्या मुंबईच्या कामगाराच्या छातीकडे मात्र त्या काळी कोणी त्याच नजरेने पाहिल्याचे दिसत नाही.

गिरणगावातील हवा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या मुंबईतील पहिल्या कापडगिरणीचे उत्पादन १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाले. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा परिसर गिरण्यांनी व्यापला आणि कोकण, सातारा, पुणे व घाटमाथ्यावरील अन्य भागांतून आलेला मराठी कामगार तेथे स्थिरावला.

सूत तुटू नये म्हणून गिरणीतील हवा दमट ठेवावी लागते. त्यासाठी वारा शक्यतो अडविला जाई. अशा बंदिस्त हवेत सर्वाधिक धूळ गाठी फोडण्याच्या ब्लोरूममध्ये आणि कार्डिंग खात्यात असे, त्यानंतर साचाखात्यात, म्हणजे सूतकताईच्या विभागात. कापड विणण्याच्या साळखात्यात कापसाची धूळ तुलनेने कमी. साळखात्यात मजुरी चांगली होती. परंतु दलित कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. कांडीवरील सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यातून विटाळ होतो, हे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. या बहिष्काराची चर्चा सामान्यतः मजुरी आणि प्रतिष्ठा यांच्या संदर्भात होते. तिला आणखी एक बाजू आहे. कोणाला कोणत्या खात्यात उभे राहता येईल हे जातीने ठरत असेल, तर कोणी कोणती हवा श्वासात घ्यावी हेही काही प्रमाणात जातीनेच ठरत होते.

रविवारची सुट्टी आणि सोमवार

सुरुवातीच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी निश्चित नव्हती. सणावारी गिरणी बंद राही. रविवारी अनेकदा यंत्रांच्या साफसफाईसाठी कामगारांना यावे लागे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी अग्रभागी होती. कामावर जायबंदी होणाऱ्याला भरपाई मिळावी, हीही मागणी त्यांत होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे १० हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीला स्थान मिळाले.

कामगार चळवळीच्या इतिहासात हा विजय विश्रांतीचा हक्क म्हणून नोंदला गेला आहे. बिसिनोसिसच्या दृष्टीने त्याला दुसराही अर्थ येतो. या रोगाची पहिली खूण सुट्टीनंतरच्या दिवशी स्पष्ट होते. जेथे नियमित सुट्टी नाही, तेथे 'सोमवार'ही नाही; श्वासाचा त्रास आठवड्याच्या चौकटीत न बसता सरसकट थकव्यात मिसळून जातो. रविवार मिळाल्यावर कामगाराला स्वतःच्या छातीतील फरक दर आठवड्याला जाणवू शकेल, अशी स्थिती प्रथम निर्माण झाली, असे अनुमान करता येते. लोखंडे यांच्या मागणीमागे हा हेतू असण्याचे कारण नाही. तथापि श्रमाचे तास आणि रोगाचे निदान ही दोन स्वतंत्र प्रकरणे नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

निदानाची अडचण

जाणीव आणि निदान यांत मात्र मोठे अंतर राहिले. विसाव्या शतकात छातीच्या रोगांकडे पाहण्याची दृष्टी प्रामुख्याने क्षयरोगाने घडविली होती आणि दाटीच्या चाळींत क्षयाचा धोका खराच होता. त्यामुळे खोकणाऱ्या रोग्याचा बेडका तपासणे व क्ष-किरण छायाचित्र काढणे ही स्वाभाविक पद्धत ठरली. बिसिनोसिसची खास अशी कोणतीही खूण क्ष-किरण छायाचित्रात उमटत नाही. बेडक्यात क्षयाचे जंतू नाहीत आणि छायाचित्र स्वच्छ, म्हणजे रोग नाही किंवा असलाच तर साधा दमा, हा निष्कर्ष सहज निघे. रोगी विडी ओढत असेल तर चौकशी तेथेच थांबे.

या रोगाचे निदान दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी व पाळीनंतर केलेले श्वसनक्षमतेचे मापन. दुसरी, कामगाराची साक्ष : तो कोणत्या खात्यात किती वर्षे होता आणि सोमवारी त्याला काय होते. ही माहिती मिळण्यासाठी डॉक्टरने हा प्रश्न विचारणे आवश्यक असते.

हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारण्याचे श्रेय गिरणगावातच उभ्या असलेल्या परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावे लागते. कापडगिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून त्यांनी बिसिनोसिस आणि दीर्घकालीन अवरोधी फुफ्फुसविकार यांतील भेद तपासला आणि तो अभ्यास १९८१ साली अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये मुंबईतील एका कापडगिरणीतील बिसिनोसिसवर डॉ. व्ही. मुरलीधर व सहकाऱ्यांचा लेख 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'मध्ये आला. मुंबईत पहिली गिरणी सुरू झाल्यापासून कामत यांच्या अभ्यासापर्यंत सव्वाशे वर्षे लोटली होती.

कायदा आणि भरपाई

इतर देशांतही मान्यता सहज मिळालेली नाही. ब्रिटनमध्ये भरपाईची योजना १९४१ साली आली आणि तिच्यासाठी धुळीच्या खात्यात २० वर्षे काम केल्याची अट होती. अमेरिकेत हा रोग नाहीच, असा समज १९६० च्या दशकापर्यंत प्रचलित होता. तेथे कापूसधुळीचे मानक १९७८ साली ठरले. त्यात सूतनिर्मितीच्या खात्यांसाठी हवेच्या दर घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घालण्यात आली. गिरणीमालकांनी त्याला आव्हान दिले. परंतु १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने मानकाचा मूळ गाभा कायम ठेवला.

भारतात १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात आरंभी मोजक्याच व्यावसायिक रोगांना स्थान होते. कालांतराने या कायद्याच्या, तसेच १९४८ च्या कारखाना कायद्याच्या व राज्य कामगार विमा कायद्याच्या अनुसूचींत बिसिनोसिसचा समावेश झाला. कारखाना कायद्यानुसार असा रोगी आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना तत्काळ कळविणे बंधनकारक होते. म्हणजे कायद्याची सारी यंत्रणा एका शब्दावर उभी होती. डॉक्टरने कागदावर 'बिसिनोसिस' लिहिले तर ती हलणार. 'दमा' किंवा 'ब्राँकायटिस' लिहिले तर ती स्वस्थ राहणार. कामगारालाही निदान नेहमीच हवेसे वाटत नसे. धुळीच्या खात्यातून बाहेर काढणे हा योग्य उपचार खरा. पण त्याच मजुरीची दुसरी जागा मिळण्याची शाश्वती नसेल, तर उपचाराचा अर्थ बेकारी असा होतो. बदली कामगाराला तर ही भीती अधिकच.

१९८२ नंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. संपाची औपचारिक समाप्ती कधीच घोषित झाली नाही आणि पुढील दोन दशकांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या. थकीत देणी, घरे आणि गिरण्यांच्या जमिनी यांवरील लढ्यांत आजाराचा प्रश्न मागे पडला, हे समजण्यासारखे आहे. पण रोगाच्या दृष्टीने गिरणी बंद पडण्याचा एक विशेष परिणाम झाला. ज्या धुळीच्या संदर्भात सोमवारचा त्रास दाखवता आला असता, ती धूळच राहिली नाही. तिसऱ्या पायरीवर पोहोचलेला कामगार आता गावी परतलेला, कायमची धाप लागलेला एक वृद्ध होता. त्याचा रोग आणि इतर कोणाचाही सीओपीडी यांत फरक दाखविणारा पुरावा गिरणीबरोबर नाहीसा झाला.

दरम्यान वैद्यकाची दृष्टी बदलली. सीओपीडी हा केवळ धूम्रपानाचा रोग नाही, हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. चुलीचा धूर आणि व्यवसायातील धूळ ही कारणे त्यात अधोरेखित झाली. नव्या फवारा औषधांनी श्वास काहीसा मोकळा होतो. परंतु गमावलेली श्वसनक्षमता परत येत नाही. जिनिंग कारखान्यांत आणि सूतगिरण्यांत कापूस आजही हाताळला जातो. त्यामुळे हा विषय निव्वळ भूतकाळाचा मानता येत नाही.

निष्कर्ष

बिसिनोसिसच्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, मुंबईत या रोगाची ओळख लांबली त्याचे कारण ज्ञानाचा अभाव हे नव्हते. वर्णन १८६३ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होते आणि तेही पश्चिम भारताच्याच कापसासंबंधी होते. दोन, या रोगाचा पहिला पुरावा क्ष-किरण छायाचित्रात सापडत नाही, तो कामगाराच्या आठवड्यात असतो आणि त्याच्या तोंडूनच मिळतो. गेंटच्या कामगारांना १८४५ साली तो विचारला गेला म्हणून तो नोंदला गेला. तीन, रोगाला दिलेले नाव भरपाईचा हक्क ठरवते. त्यामुळे निदान ही वैद्यकीय कृती असतानाच सामाजिक न्यायाचीही कृती असते.

नीरा आडारकर व मीना मेनन यांनी सिद्ध केलेला गिरणगावचा मौखिक इतिहास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या परंपरेत आणखी एका प्रश्नाची भर घालता येण्याजोगी आहे. कार्डिंग खात्यात उमेद घालविलेले स्त्रीपुरुष मुंबईत, कोकणात व घाटावर आज वृद्धावस्थेत आहेत. 'सोमवारी तुम्हाला काय व्हायचे?' हा प्रश्न महाविद्यालयीन संशोधकांनी त्यांना आता विचारावयास हवा. त्या उत्तराने त्यांना भरपाई मिळेलच असे नाही. परंतु अनेकांच्या नावापुढील 'दमा' ही नोंद तपासून पाहण्याची संधी मिळेल. ही साक्ष देणारी पिढी फार काळ उपलब्ध असणार नाही.