स्टेट मशीन म्हणजे काय? ॲपमधलं बटण कधी चालेल, हे कसं ठरतं?

पेमेंट ॲपमध्ये 'पे' दाबलं, नेट अडकलं आणि चक्र फिरत राहिलं. घाईत पुन्हा बटण दाबलं तर पैसे दोनदा जातील का? ॲप नीट बनवलं असेल तर नाही. त्यामागची संकल्पना म्हणजे 'स्टेट मशीन'.

ते काम कसं करतं?

स्क्रीनवरचा प्रोग्राम बहुतेक वेळ वाट पाहत असतो. टॅप झाला, सर्व्हरचं उत्तर आलं, वेळ संपली, अशा प्रत्येक घटनेला 'इव्हेंट' म्हणतात. प्रोग्राम त्या क्षणी ज्या अवस्थेत आहे ती 'स्टेट'. एका स्टेटमधून दुसऱ्या स्टेटमध्ये जाणं म्हणजे 'ट्रान्झिशन'. पेमेंटचे नियम साधारण असे असतात:

- 'तयार' असताना 'पे' दाबलं: 'प्रक्रिया सुरू'
- 'प्रक्रिया सुरू' असताना होकार आला: 'पूर्ण'
- 'प्रक्रिया सुरू' असताना नकार आला: 'अयशस्वी'
- 'प्रक्रिया सुरू' असताना पुन्हा 'पे' दाबलं: काहीच करायचं नाही

शेवटचा नियम सर्वात महत्त्वाचा. बटण तेच, पण स्टेटनुसार त्याचा अर्थ बदलतो. अर्थात, सर्व्हरनेही प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक तपासावा लागतो.

चूक कुठे होते?

अनेकदा 'लोड होतंय', 'चूक झाली', 'पूर्ण झालं' अशा तीन हो-नाही खुणा वेगवेगळ्या ठेवल्या जातात. त्यांच्या ८ जोड्या होतात, पण अर्थपूर्ण फक्त ४. मग 'पूर्ण झालं' आणि 'चूक झाली' एकदमच दिसू शकतं. स्टेट मशीनमध्ये एका वेळी एकच स्टेट असते, त्यामुळे असा घोळ होत नाही.

चुकीची किंमत

'थेरॅक-२५' या रेडिएशन यंत्रामुळे १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात ६ रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर शहरात ऑपरेटरने चुकून एक्स-रेचा पर्याय टाईप केला आणि लगेच दुरुस्त केला. यंत्रातले चुंबक जुळायला सुमारे ८ सेकंद लागत. त्या वेळात झालेला बदल सॉफ्टवेअरने टिपलाच नाही. स्क्रीनवर एक स्टेट, यंत्रात दुसरीच. तिथे असे दोन अपघात झाले. दोन्ही रुग्ण दगावले.

१९८७ मध्येच इस्रायली शास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी 'स्टेटचार्ट' ही आकृतीपद्धत मांडली. गुंतागुंतीच्या स्टेट्स कागदावर स्पष्ट दिसाव्यात, हा तिचा हेतू. आजही अनेक ॲप्सचे स्क्रीन याच पद्धतीने आखले जातात.

म्हणून 'पे' दाबल्यावर बटण फिकं पडलं तर वैतागू नका. ते बिघडलेलं नाही, दुसरा टॅप अडवतंय.