बुडबुड्याला पहिला धक्का कोणी दिला?

४ मार्च २००२. अफगाणिस्तानातल्या ताकुर घर शिखराकडे अमेरिकी सैनिकांना घेऊन एक हेलिकॉप्टर निघालं होतं. शिखरावर शत्रू आहे, तिथे उतरू नका, असा निरोप उपग्रहामार्फत पाठवला गेला. तो पोहोचला नाही. त्या लढाईत सात अमेरिकी सैनिक मारले गेले. २०१४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून एक शक्यता मांडली : त्या वेळी संदेशाच्या वाटेत विरळ प्लाझ्माचा एक भलामोठा बुडबुडा असावा, आणि डोंगराळ मुलखाच्या जोडीला त्यानेही घात केला असावा.

या बुडबुड्याची पहिली चाहूल लागली ती पेरूमध्ये. तिथल्या वांकायो गावी, चुंबकीय विषुववृत्तालगत, कार्नेगी संस्थेची भूचुंबकीय वेधशाळा १९२२पासून होती. रेडिओलहर सरळ वर सोडायची, आयनांबरावरून ती परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि थराची उंची काढायची, असं काम तिथे चाले. प्रतिध्वनीची रेघ एरवी स्वच्छ उमटायची. काही रात्री मात्र सूर्यास्तानंतर ती शाई फुटावी तशी पसरायची. १९३८ साली बुकर आणि वेल्स यांनी याचा अर्थ लावला : सगळ्यात वरच्या, म्हणजे ‘एफ’ थरातला प्लाझ्मा सलग राहत नाही, त्यात गुठळ्या आणि पोकळ्या होतात. या प्रकाराला ‘स्प्रेड-एफ’ हे नाव पडलं.

पण हे का होतं? १९५६ साली डंजी यांनी दिलेलं उत्तर समजायला शाळेतला एक प्रयोग पुरतो. पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा करायचा. पुठ्ठा आहे तोवर पाणी सांडत नाही. तो काढला की सांडतं. खरं तर पाणी तोलून धरायला हवेचा दाब तेव्हाही पुरेसा असतो. पण पाण्याच्या उघड्या पृष्ठावरच्या बारीकशा लहरी वाढत जातात, त्यांतून हवा वर घुसते आणि पाणी खाली येतं. आयनांबरातही सूर्य मावळल्यावर खालचा प्लाझ्मा भराभर विरतो, वरचा दाट राहतो. जड वर, हलकं खाली. पुठ्ठ्याचं काम तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र करतं, पण ते कच्चं.

या सिद्धान्ताची परीक्षा लिमाजवळच्या हिकामार्का वेधशाळेत झाली. १९६०च्या सुमारास एका कोरड्या दरीत तिथे तीनशे मीटर लांब-रुंद अँटेना उभारली गेली. तिच्यात १८,४३२ द्विध्रुव. तिने डंजींना अडचणीत आणलं. गुठळ्या थराच्या वरच्या बाजूलाही दिसत होत्या, जिथे जड-हलक्याचा क्रम सरळच असतो. उपलब्ध कोणताही सिद्धान्त याला पुरत नाही, असं फार्ली आणि सहकाऱ्यांनी १९७०मध्ये लिहिलं. कोडं सुटलं १९७६ साली. रोनाल्ड वुडमन आणि सेसार ला होस या पेरूच्या दोघा शास्त्रज्ञांनी प्रतिध्वनी उंची आणि वेळ यांच्या आलेखावर मांडले, तेव्हा धुराच्या लोटासारखे आकार दिसले. विरळ प्लाझ्माचा बुडबुडा खालून निघून थर फोडत वर चढत होता.

तरीही मुख्य प्रश्न उरलाच. सूर्य रोज मावळतो, बुडबुडे रोज उठत नाहीत. पहिली बारीक लहर येते कुठून?

एक उत्तर खालच्या हवेकडे बोट दाखवत होतं. कॅनडातल्या कॉलिन हाइन्स यांनी १९६०मध्येच दाखवलं होतं की हवेतले गुरुत्व-तरंग आयनांबरापर्यंत जातात. (आइन्स्टाइनच्या लहरी वेगळ्या, हे तरंग दगड टाकल्यावर तळ्यात उठतात त्या जातीचे.) मेघगर्जनेच्या वादळातून किंवा डोंगरावरून वाहणाऱ्या वाऱ्यातून ते उठतात आणि हवा विरळ होत जाते तसतसे फुगतात. वर ते आयनांना चुंबकीय रेषांच्या आडवे ढकलतात, त्यातून विद्युतक्षेत्र निर्माण होतं आणि थराच्या तळाला सुरकुत्या पडतात. हिकामार्काच्या नोंदींवरून मायकेल केली आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये अशा एका घटनेचा तपशीलवार अभ्यास मांडला. सगळ्यांना ते पटलं नाही. संध्याकाळी थराला वर उचलणारं विद्युतक्षेत्रच निर्णायक, तरंग दुय्यम, असं म्हणणारे बरेच होते.

चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरूनही जातं. थुंबा हे गाव रॉकेटसाठी निवडलं गेलं ते त्यामुळेच. कोल्हापूरहून कॅमेऱ्यांनी रात्रीच्या आकाशाची मंद तांबडी दीप्ती टिपली जाते, तेव्हा तिच्यात उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. तेच हे बुडबुडे.

मग १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीभर फिरली. जपानी शास्त्रज्ञांनी ‘आरासे’ उपग्रह आणि जमिनीवरच्या नोंदी ताडून पाहिल्या. ही लाट सूर्यास्ताच्या सुमारास पोहोचली तिथे, आशियावरच्या आकाशात, बुडबुडे उठले होते. इतका मोठा धक्का प्रयोगशाळेत कोणाला देता आला नसता.

म्हणून वाद मिटला असं नाही. ज्वालामुखी रोज फुटत नाही. रोजच्या रात्रीचा प्रश्न वादळाच्या लहानशा तरंगाचा आहे. विद्युतक्षेत्र थर उचलून ठेवतं, तरंग त्याला सुरकुती पाडतो, आणि कोणाचा वाटा किती हे दर संध्याकाळी वेगळं. आज रात्री बुडबुडा उठेल का, हे खात्रीने सांगायचं तर तीनशे किलोमीटर वर काय चाललंय ते कळून भागणार नाही. दुपारी ढग कुठे गडगडले, तेही विचारावं लागेल.