उसना कुत्रा

विरजणाला दही उसनं मागतात, वाटीभर साखर मागतात. पण शेजाऱ्याचा कुत्रा उसना? हसू नका मंडळी, या प्रकाराला चांगला साठेक वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात मी न्यूयॉर्कपासून धरतो. बोरिस लेव्हिन्सन हे तिथले बालमानसतज्ज्ञ. एकदा एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेआधीच येऊन थडकला आणि डॉक्टरांचा कुत्रा जिंगल्स नेमका खोलीत होता. माणसांशी न बोलणाऱ्या त्या पोराची कुत्र्याशी मात्र गट्टी जमली! १९६१ साली लेव्हिन्सननी हे मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत सांगितलं तेव्हा काहींनी चक्क चेष्टा केली. पुढच्या वर्षी त्यांनी त्यावर लेख लिहिला. मला यातली गंमत वेगळीच वाटते. कुत्रा त्या मुलाचा नव्हताच, तरी काम झालं.

पण खरा गुंता म्हातारपणी होतो. गुडघे गेले तर कुत्र्याला फिरवणार कोण? हॉस्पिटलात पडलो तर तो राहणार कुठे? आणि मी गेल्यावर त्याचं काय? या तिसऱ्या प्रश्नापायी कुत्रा पाळायचंच टाळणारा एकटा माणूस मी समजू शकतो.

१९८५ मध्ये इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, एव्हरिल जार्विस या बाईंनी 'सिनॅमन ट्रस्ट' काढली. सिनॅमन हे त्यांच्या कॉर्गीचं नाव. संस्थेचे स्वयंसेवक वृद्ध आणि असाध्य आजार झालेल्या लोकांचे कुत्रे फिरवून आणतात. मालक हॉस्पिटलात असेल तर कुत्र्याला स्वतःच्या घरी ठेवतात. मालक गेल्यावर काय करायचं तेही आधीच ठरवून ठेवता येतं. म्हणजे कुत्रा शेवटपर्यंत जवळ राहतो, आणि वर दार वाजवून "कसे आहात?" विचारणारं एक माणूसही मिळतं. (मला तर वाटतं निम्मं औषध त्यातच असावं.)

२०१२ मध्ये लंडनमध्ये उलट्या बाजूने सुरुवात झाली. रिक्के रोझेनलुंड या मूळच्या डॅनिश बाईंनी अ‍ॅस्टन नावाचा लॅब्रॅडॉर एक दुपार सांभाळला. त्यांना वाटलं, कुत्रा हवा असूनही पाळता न येणारी माझ्यासारखी किती माणसं असतील! त्यातून 'बॉरोमायडॉगी' उभं राहिलं. मालक आणि उसना घेणारा, दोघंही सभासद-वर्गणी भरतात, पण फिरवण्याचे पैसे एकमेकांना द्यायचे नाहीत. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, नाहीतर ती नुसती नोकरी झाली असती. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइम-शेअरिंग, फक्त इथे मशीन शेपूट हलवतं :)

संध्याकाळी कुत्रा परत करायचा, आणि घर पुन्हा रिकामं. हा भाग कुठल्याही सिस्टिमने सुटत नाही. २०१८ च्या जानेवारीत ब्रिटनने एकटेपणासाठी खास मंत्री नेमला तो काही उगाच नाही.

आपल्याकडे गल्लीतला मोत्या पूर्वीपासून सगळ्यांचाच. एका घरी पोळी, दुसऱ्या घरी दूध. फक्त तो आजारी पडला की रिक्षात घालून डॉक्टरकडे कोणी न्यायचा, हे कधीच ठरलेलं नसतं.