गेटच टाकलंस का?

आधी तो मोबाइल काढून ठेवा. आपण २००६ च्या नोव्हेंबरात चाललोय. तिथं लोकांच्या खिशात ठोकळ्यासारखा नोकिया आहे आणि ‘पोचलो’ हे मिस्ड कॉल देऊन कळवायचं असतं. तुमच्या हातातली ती काच बघून पोरं भोवती जमतील आणि आपला दिवस वाया जाईल.

सांगली स्टँडबाहेर वडाप उभं आहे. "चला इश्रामबाग, इश्रामबाग, मिरज!" तिघांच्या सीटवर चौथे तुम्ही. शेजारच्या मावशींच्या पिशवीतली मेथी तुमच्या गुडघ्यावर, कंडक्टर पोऱ्याचा कोपर तुमच्या कानाशी. पुढं हळदीची पोती भरलेला टेम्पो आहे. तो दिसायच्या आधीच कडसर वास घशात उतरतो आणि पुढच्या दोन शिंका तुमच्या. वडापातलं कुणीही शिंकत नाही, सगळे इथलेच.

विश्रामबागेत उतरा. कॉलेजचं नाव कशाला विचारता? इथून इस्लामपूर, कराड, साताऱ्यापर्यंत कुठल्याही कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरलात तरी पुढचं दृश्य तेच. दारात चपलांचा ढीग. तुमचीही काढा. कोपऱ्यात नीट लावू नका, जाताना सापडणार नाही, मधोमध सोडा. आत एसी. अख्ख्या मजल्यावर या एकाच खोलीला एसी आहे आणि तो मुलांसाठी नाही, मशीनसाठी आहे. दार-खिडक्या बंद असल्यामुळं मोजे, खोबरेल तेल आणि तापलेलं प्लॅस्टिक यांचा मिळून एक वास झालाय, त्याची पाच मिनिटांत सवय होते. मागं डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कागद खरवडत ओरडतोय. एका मशीनवर दोघं बसायचं. पोटुशा मॉनिटरजवळ हात नेलात की हातावरची लव उभी राहते.

आणि समोर तो निळा पडदा. वर करडी पट्टी, आत पिवळी अक्षरं, कोपऱ्यात नोनेम झिरो झिरो. टर्बो सी. ही मुलं बालवाडीत होती तेव्हाची आवृत्ती, पण ते इथं कुणाच्या गावीही नाही.

तुमचा पार्टनर तासगावचा आहे. माउसला तो हातही लावत नाही. ऑल्ट आणि एफ-नाइन, कंपाइल. कंट्रोल आणि एफ-नाइन, रन. पडदा एकदा काळा लुकलुकतो आणि परत निळा.

"भावा, गेटच टाकलं न्हाईस. आऊटपुट कसं दिसंल?"

शेवटी गेटच टाकलं की प्रोग्रॅम एक कळ दाबेपर्यंत थांबतो, नाहीतर उत्तर येऊन गेलेलं कळतच नाही. या लॅबमधलं निम्मं शिक्षण ते हेच. मागच्या बाकावरचा दीडशहाणा सांगेल की ऑल्ट-एफ-फाइव्ह दाबलं तरी दिसतं. त्याच्याकडं दुर्लक्ष करायची इथं पद्धत आहे.

आजचा प्रोग्रॅम फॅक्टोरियलचा. सात टाका: ५०४०. बरोबर. आठ टाका: उणे २५२१६.

पुन्हा बघा. आठपासून एकपर्यंतचे आकडे गुणायचे, सगळे धन, मग उत्तर उणे कसं येईल? खरं उत्तर ४०३२०. पण हा कंपायलर साध्या पूर्णांकाला दोनच बाइट जागा देतो. त्यात ३२७६७ पर्यंतच मावतं. त्याच्या पुढं गेलात की आकडा गरकन फिरून उण्यात जातो. तुम्ही हे तासगावकराला समजावू लागता. तो शांतपणे सीनियरचं जर्नल उघडून दाखवतो. त्यातही उणे २५२१६ आहे, खाली लाल पेनाची बरोबरची खूण. तो तेच उतरवून घेतो. त्याच्या वहीपुढं तुमचं गणित चालत नाही.

"गेली!"

हे लाइटबद्दल. लोडशेडिंग. चाळीस मॉनिटर एकदम विझतात, एसी शेवटचा सुस्कारा टाकतो आणि सरांच्या टेबलाखालचा यूपीएस कोकलायला लागतो. तो सर्व्हरपुरता आहे. अंधारातून एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो: "एफ-टू दाबल्तास का?" ज्यांनी सेव्ह केलं नाही त्यांचं अर्ध्या तासाचं टायपिंग गेलं. दहा मिनिटांत खोलीची भट्टी होते. कुणीतरी खिडकी उघडतं, बाहेरून तळणीचा वास येतो आणि अर्धी बॅच वडापावच्या गाड्यावर.

तुम्हीही जा. वडा खाताना मी ती गोष्ट सांगून टाकतो जी आज, मंगळवार १४ नोव्हेंबरला, या गाड्यापाशी कुणालाच ठाऊक नाही. तो निळा पडदा ज्यांचा, त्या कॅलिफोर्नियातल्या बोरलँडमध्ये आज वाटणी होतेय. १९८३ मध्ये टर्बो पास्कल ४९ डॉलर ९५ सेंटला विकून हे घर उभं राहिलं. लिहिणं, कंपाइल करणं, चुका शोधणं, सगळं एकाच पडद्यावर. बाकीच्यांचे कंपायलर तेव्हा शेकडो डॉलरला होते. पुढं टर्बो सी, डेल्फी, जेबिल्डर. पण एक्लिप्ससारखी फुकट साधनं आल्यावर त्या धंद्यात राम उरला नाही. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर बनवण्याची प्रक्रिया सांभाळणारी अवजारं विकण्यात पैसा दिसू लागला. फेब्रुवारीत बोरलँडनं जाहीर केलं, प्रोग्रॅमिंग साधनांचा धंदा विकायचाय. नऊ महिने गिऱ्हाईक शोधलं. मनाजोगतं मिळालं नाही. मग आज त्याची वेगळी कंपनी केली, नाव कोडगिअर, मालकी पूर्ण बोरलँडचीच. ज्याच्या कमाईवर वाडा बांधला त्या थोरल्याला वेगळी चूल मांडायला लावायची आणि सातबारा मात्र आपल्याकडंच ठेवायचा, असला हा कारभार.

माझं विचाराल तर त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. या गाड्यापाशी उभ्या असलेल्या एकाही पोरानं टर्बो सीसाठी दमडी मोजलेली नाही. टीसी नावाचं फोल्डर सीनियरच्या सीडीवरून ज्युनिअरच्या मशीनवर येतं, जसं जर्नल येतं. गंमत म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी बोरलँडनं टर्बो हे जुनं नाव पुन्हा काढून शिकणाऱ्यांसाठी नवी आवृत्ती फुकट दिली. तीही इथं पोचलेली नाही. शेकडो एमबी उतरवणार कुठं? आणि जर्नल तर जुन्याचंच लिहायचंय.

आता साताऱ्याची लाल एसटी धरा. खिडकीची काच खडखडतेय, तिच्यात घडी केलेलं तिकीट खोचा म्हणजे आवाज बसेल. उसाचा हंगाम सुरू झालाय. पेठ नाक्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागून सरपटायचं. त्याचा टेप तुमच्या गाडीतल्या गप्पांहून मोठा. रस्त्यावर पडलेल्या कांड्या चिरडून हवेला गोडसर, आंबूस वास आलाय. कराडात अर्धी गाडी उतरते आणि पाऊण गाडी चढते. उंब्रजनंतर खिडकीतून गार वारा लागतो. साताऱ्यात उतराल तेव्हा दिवे लागलेले असतील आणि स्वेटर आणला नाही म्हणून तुम्ही हळहळत असाल. कंदी पेढे आत्ताच घ्या, नंतर विसराल.

पोवई नाक्याकडं चला. पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास, शेजारी सायबर कॅफे. कॅफेत फळ्या ठोकून केलेल्या खुराड्यांमध्ये पोरं ऑर्कुटवर स्क्रॅप लिहितायत, सगळ्यांची मान पडद्याकडं आणि एक डोळा दाराकडं. एक तास मागा, वहीत नाव लिहा. तिकडं अमेरिकेत आत्ता कुठं दिवस सुरू झालाय. कोडगिअर टाइप करा. पान वरून खाली ओळीओळीनं उतरतं; ते पुरं होईपर्यंत पुढचंही ऐकून ठेवा. २००८ मध्ये कोडगिअरला एम्बार्काडेरो नावाची कंपनी सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेईल. पुढच्याच वर्षी खुद्द बोरलँडला मायक्रो फोकस घेईल. चूल गेली आणि मागून वाडाही गेला. निळा पडदा मात्र राहील. नव्या विंडोजवर तो चालेना तेव्हा डॉसबॉक्सच्या आधारानं चालवतील, पण चालवतील.

पान उघडलं. तुम्हाला राहवत नाही. उठून शेजारच्या क्लासमध्ये जाता. आत खडू-डस्टर, उदबत्ती आणि सहा मशीन. क्लासचे सर एका मुलीच्या खांद्यावरून पडद्याकडं बघतायत.

"सर, टर्बोवाल्या कंपनीची वाटणी झाली. आजच."

सर वळतात. "कोर्स बदलला का विद्यापीठानं?"

"नाही."

"परीक्षा?"

"नाही हो."

"मग बसा की. साडेसातची बॅच सुरू व्हायचीय." ते पुन्हा पडद्याकडं वळतात. "अगं, सेमीकोलन कुठाय? आणि तुम्ही हो, कुठल्या बॅचचे? फी भरलीय का?"