पुस्तकांचा आकडा सांगू नका, पुस्तक वस्तीत आणा

14 एप्रिल जवळ आला की आपल्याकडे एक वाद हमखास रंगतो. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहात नेमकी किती पुस्तके होती? कोणी एक आकडा सांगतो, दुसरा त्याच्या दुप्पट सांगतो. फलकावर मोठा आकडा झळकतो आणि आपण समाधानाने पुढे जातो. या संग्रहाचा अभिमान आम्हालाही आहे. पण आमचा प्रश्न वेगळा आहे: बाबासाहेबांनी आणि त्यांच्या आधी जोतिरावांनी जे वाचले, ते निरक्षर माणसापर्यंत पोचले कसे? त्याचे उत्तर ग्रंथालयात जेवढे सापडते, तेवढेच रंगमंचावर सापडते.

सुरुवात जोतिरावांपासून करावी लागते. 1847 च्या सुमारास थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ त्यांनी वाचला. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. आणि 1855 साली या वाचकाने चक्क नाटक लिहिले, ‘तृतीय रत्न’. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ 1843 साली सांगलीत झाले होते आणि त्या काळची मराठी रंगभूमी देव, दानव आणि पुराणकथांत रमलेली होती. अशा काळात जोतिरावांनी रंगमंचासाठी एक कुणबी जोडपे निवडले. बाई गरोदर आहे. जोशी ग्रहांची भीती घालून या गरीब घराला लुबाडतो. विदूषक मध्ये येऊन त्याची लबाडी उघडी पाडतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. तिसरे रत्न म्हणजे तिसरा डोळा, म्हणजेच विद्या.

जोतिरावांनी नाटकच का लिहिले? ज्यांच्यासाठी लिहायचे होते त्यांना वाचता येत नव्हते. नाटक मात्र निरक्षर माणसालाही पाहता येते, ऐकता येते. हे व्यवस्थेच्या लगेच लक्षात आले. जोतिरावांनी नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, तेथे ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे ते नाकारले गेले. ही हकिगत त्यांनीच ‘गुलामगिरी’त, 1873 साली नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या हयातीत हे नाटक छापले गेले नाही. आज मराठी नाटकाचा इतिहास सांगताना ‘तृतीय रत्न’ किती वेळा वगळले जाते, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. परळच्या चाळीतल्या एका खोलीत हा वाचक घडला. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले, की सुभेदार रामजी लेकीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवत आणि पुस्तक घरी आणत. शाळेत संस्कृत शिकण्याची वाट जातीने अडवली, म्हणून फारसी घ्यावी लागली. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. न्यूयॉर्कला गेल्यावर जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळून त्यांनी पुस्तके जमवली. 1917 साली परतताना पुस्तकांसह सामान ज्या बोटीत होते ती महायुद्धात बुडवली गेली. संग्रह समुद्रात गेला, वाचक मात्र पुन्हा लंडनला गेला. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात तो दिवसचे दिवस बसला. पुढे दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणूनच. 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीही दिल्लीत त्यांच्या उशाशी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेचे कागद होते.

पण या माणसाचे ग्रंथ इंग्रजीत होते आणि त्याचा समाज बहुसंख्येने निरक्षर होता. ही दरी कोणी भरली? आंबेडकरी जलशांनी. सत्यशोधक जलशांची परंपरा समोर होती. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला आशय बदलला. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, पोरांना शाळेत घाला, माणुसकीचे हक्क मागा, हा विचार सवाल-जवाबातून चाळीत आणि गावकुसाबाहेर पोचला. ज्याने बाबासाहेबांचे एक पानही वाचले नव्हते, त्याला बाबासाहेबांचे म्हणणे तोंडपाठ झाले.

या रंगमंचाने वाचकही घडवले. कर्डक आडनावाचेच दुसरे शाहीर, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा. मुंबईत कोणी वाचायला दिलेले पत्र त्यांना वाचता आले नाही. ते मनाला लागले आणि ऐन तरुणपणी ते अक्षरे शिकले. पुढे त्यांनी आयुष्यभर बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून गावोगाव पोचवला. दीड दिवस शाळेत गेलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली.

1950 साली औरंगाबादला सुरू झालेल्या महाविद्यालयाने, म्हणजे नंतरच्या मिलिंदने, ही वाट आणखी पुढे नेली. तेथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ लिहिले. युगानुयुगे चाललेला अस्पृश्यांचा छळ विद्यार्थ्यांनी रंगमंचावर उभा केला आणि बाबासाहेबांनी तो प्रयोग प्रेक्षकांत बसून पाहिला. 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही ते नाटक झाले. दीक्षेला आलेल्या माणसाला आपण काय सोडून चाललो आहोत, हे त्या नाटकाने दाखवले. पुढची दलित रंगभूमी, प्रेमानंद गज्वींचे ‘घोटभर पाणी’, दत्ता भगतांचे ‘वाटा पळवाटा’, याच वाटेवर उभी आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, आमचा आग्रह साधा आहे. जयंतीच्या वर्गणीतला मोठा भाग आज डीजेवर जातो. आनंद साजरा करायला आमचा विरोध नाही. पण ज्या मिरवणुकीत कोणाचाच शब्द ऐकू येत नाही, तिच्यात जलशाचा वारसा कुठे आहे? विहारातल्या कपाटात ‘लेखन आणि भाषणे’चे खंड कुलूपबंद आहेत, धूळ खात आहेत. त्या कुलपाची किल्ली आधी शोधा. दर रविवारी एक प्रकरण मोठ्याने वाचा, म्हणजे न शिकलेल्या आजीलाही ऐकू येईल. वर्षातून एकदा वस्तीतल्या पोरापोरींनी ‘तृतीय रत्न’ उभे करावे. पडदा लागत नाही, दिवाबत्तीचा थाट लागत नाही, ओटा पुरतो.

बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम हा त्यांचा खासगी छंद नव्हता. ज्या समाजाला पुस्तकाला हात लावायची बंदी होती, त्याच्या वतीने तो माणूस वाचत होता. आज ती बंदी राहिलेली नाही. तरीही आपण वाचणार नसू, तर दोष मनूच्या माथी मारता येणार नाही.

जय भीम!