डॅशबोर्डमागची टकटक

परवा गाडीचा एसी लावला, तर हवा गरमच आणि डॅशबोर्डमागून टकटक. गॅरेजवाला म्हणाला, "अख्खं युनिट बदलावं लागेल साहेब." म्हटलं, थांब जरा.

पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये गाडीत एसी आणला, तेव्हा थर्मोस्टॅटच नव्हता! गारठलात तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, कॉम्प्रेसरचा पट्टा काढा. भर पावसात काय करत असतील देव जाणे. मग १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये 'कम्फर्ट कंट्रोल' आला: तापमान एकदा ठरवा, बाकी गाडी बघेल. पण गरम-गार हवा मिसळणारी झडप हलायची ती इंजिनच्या व्हॅक्यूमवर. रबरी नळी चिरली की खेळ खलास. मात्र नळीला हातपंप लावला की दोष सापडायचा.

आता त्या झडपेला चिमुकली मोटर असते, प्लास्टिकच्या गिअरची. म्हणजे तपासायची पद्धत तीच, फक्त हवेच्या जागी वीज. रविवारी ती मोटर बाहेर काढली, तिच्या दोन वायरींना १२ व्होल्ट दिले, मग उलटे जोडून दिले. मोटर दोन्हीकडे झकास फिरली, पण बाहेरचा दांडा ढिम्म! उघडून बघतो तर एका गिअरचे तीन दात गायब.

गॅरेजवाल्याला फोटो पाठवलाय. अजून उत्तर नाही.